माणसे, प्राणी आणि वनस्पती यांचा संवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सजीव एकमेकांशी संवाद कसा साधतात, याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि पुढे अपवादांचे व वादाचे प्रश्न येतात. या विषयातल्या सुरस कथा फार लवकर पसरतात, पण त्यांच्यामागचे प्रयोग क्वचितच कोणी सांगतो. म्हणून एखादी गोष्ट कशावरून कळली, हेही शक्य तिथे नोंदवले आहे.

१. संवाद म्हणजे नेमके काय? प्राण्याची प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक वास हा संदेशच मानायचा का?

नाही. जीवशास्त्रात दोन गोष्टींमध्ये काटेकोर फरक केला जातो. दुसऱ्याच्या वागण्यावर परिणाम व्हावा म्हणूनच जी खूण उत्क्रांतीच्या ओघात घडत गेली, तिला संकेत म्हणतात. याउलट जी गोष्ट दुसऱ्याच कारणाने घडते, पण जवळपासचा कोणीतरी तिचा फायदा घेतो, तिला केवळ सुगावा म्हणावे लागते. आपल्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने डास आपल्यापर्यंत पोहोचतो. तो वायू आपण डासाला बोलावण्यासाठी सोडत नाही, म्हणून तो सुगावा आहे. नर बेडूक रात्रभर डराव डराव करतो ते मात्र मादीला ऐकू जावे म्हणूनच, आणि म्हणून तो संकेत आहे. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे अर्धे वाद आपोआप सुटतात, विशेषतः वनस्पतींविषयीचे (प्रश्न ९ पाहावा).

२. प्राणी कोणकोणत्या मार्गांनी संकेत देतात? प्रत्येकाचा मार्ग वेगळा का असतो?

आवाज, वास, रंग, प्रकाश, स्पर्श, कंपने आणि वीज असे बहुतेक सर्व मार्ग कोणी ना कोणी वापरतो. कोणता मार्ग उपयोगी पडेल हे राहण्याची जागा, दिवसाची वेळ आणि संदेश किती लांब पोहोचवायचा आहे यांवर ठरते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक, आणि तो फारसा क्षीणही होत नाही. प्रकाश मात्र पाण्यात लवकर विरतो. त्यामुळे देवमाशांनी ध्वनीवर भिस्त ठेवली यात नवल नाही. हत्ती २० हर्ट्झपेक्षा खालच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, आवाजात हाका देतात आणि त्या काही किलोमीटरपर्यंत पोहोचतात. प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन यांना १९८४ मध्ये एका प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याजवळ उभे असताना हवेत एक प्रकारची थरथर जाणवली आणि त्यातूनच हा शोध लागला. वासाचा गुण वेगळा आहे. तो देणारा निघून गेल्यावरही मागे राहतो, त्यामुळे हद्द आखण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे साधन नाही.

३. प्राण्यांना भाषा असते का?

संवाद सर्वच प्राण्यांमध्ये असतो. भाषा हा संवादाचा एक विशेष प्रकार आहे. चार्ल्स हॉकेट या भाषावैज्ञानिकाने १९६० मध्ये मानवी भाषेची तेरा लक्षणे मांडली आणि त्यांपैकी कोणती लक्षणे कोणत्या प्राण्यात आढळतात हे तपासून पाहण्याची वाट मोकळी केली. समोर नसलेल्या गोष्टीविषयी सांगता येणे, मोजक्या निरर्थक ध्वनींपासून असंख्य अर्थपूर्ण शब्द घडवणे आणि पूर्वी कधीही न उच्चारलेले वाक्य तयार करता येणे, ही त्यांतली कळीची लक्षणे होत. यांपैकी एखाददुसरे लक्षण काही प्राण्यांत निश्चितपणे दिसते. मधमाशी डोळ्यांआड असलेल्या फुलांची माहिती देते (प्रश्न ४), काही पक्षी हाकांचा क्रम पाळतात (प्रश्न ६). ही सारी लक्षणे एकत्र आलेली मात्र आजवर फक्त माणसाच्या भाषेत आढळली आहेत.

असे असले तरी 'प्राण्यांना भाषा नाही' या वाक्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात सर्वांना माणसाच्याच मापाने मोजले जाते. वटवाघूळ, मुंगी किंवा देवमासा यांना ज्या अडचणी सोडवाव्या लागतात त्या आपल्या नाहीत, आणि त्यांच्या अडचणींसाठी त्यांची साधने आपल्या साधनांहून सरस आहेत.

४. मधमाशी नाचून फुलांचा पत्ता सांगते हे खरे आहे का? अंधाऱ्या पोळ्यात तो नाच इतरांना दिसतो तरी कसा?

हे खरे आहे, आणि प्राण्यांच्या संवादातील सर्वांत काळजीपूर्वक तपासल्या गेलेल्या गोष्टींपैकी ही एक आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी काचेच्या पोळ्यातील मधमाश्यांवर अनेक वर्षे निरीक्षणे केली आणि या कामाबद्दल १९७३ मध्ये त्यांना कोनराड लोरेन्झ व निको टिनबर्गेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

लांबच्या फुलांवरून परतलेली कामकरी माशी उभ्या पोळ्यावर थोडे अंतर सरळ चालते आणि चालताना पोट वेगाने डावीउजवीकडे हलवत पंखांचा गुणगुणाट करते. मग ती एका बाजूने वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ चाल करते आणि या वेळी दुसऱ्या बाजूने वळते, त्यामुळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती तयार होते. सगळी माहिती त्या सरळ चालीत असते. ही चाल सरळ वरच्या दिशेने असेल तर फुले सूर्याच्या दिशेला आहेत. ती उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंशांनी कललेली असेल तर फुले सूर्यापासून उजवीकडे ४० अंशांवर आहेत. अंतर चालीच्या कालावधीवरून कळते आणि साधारण एका किलोमीटरला एक सेकंद असे ढोबळ प्रमाण सांगता येते, जरी ते मधमाशीच्या जातीनुसार आणि वाटेतल्या भूभागानुसार बदलते. नाच लांबला तर मधल्या वेळेत सूर्य सरकतो, आणि पोळ्याच्या अंधारात असूनही नाचणारी माशी त्या प्रमाणात आपला कोन बदलत जाते.

अंधारात हा नाच पाहिला जात नाही. मागे चालणाऱ्या माश्या आपल्या स्पर्शिका नाचणारीच्या अंगाजवळ धरतात आणि तिच्या हालचाली, हवेचे झोत व कंपने टिपतात. या नाचातील माहिती इतर माश्या खरोखर वापरतात का, की नाचणारीच्या अंगाला लागलेल्या वासावरच त्या भागवतात, यावर दीर्घकाळ वाद झाला. २००५ मध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म साधने लावून रडारने त्यांचा माग काढण्यात आला. नाच अनुसरून बाहेर पडलेल्या काही माश्यांना पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा त्या नव्या जागेवरून नाचात सांगितलेल्या दिशेने आणि जवळपास तेवढ्याच अंतरापर्यंत उडत गेल्या. तिथे फुले नव्हती, ओळखीचा वासही नव्हता, म्हणजे त्या नाचाचाच पत्ता पाळत होत्या.

हे कौशल्य पूर्णपणे उपजत नसते, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून समोर आले. अनुभवी नर्तिकांचा नाच कधीच पाहायला न मिळालेल्या तरुण माश्यांचे पहिले नाच अधिक विस्कळीत होते. सरावाने दिशेच्या चुका कमी झाल्या, पण अंतराची चूक त्यांच्या नाचात शेवटपर्यंत राहिली.

५. मुंग्या एकाच रांगेत कशा चालतात? समोरासमोर आल्यावर त्या थांबतात ते कशासाठी?

अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधद्रव्याची रेघ सोडत येते. त्या रेघेवरून जाणाऱ्या मुंग्याही अन्न मिळाले तर तिच्यात भर घालतात आणि अन्न संपले की भर पडणे थांबते, रेघ उडून जाते, रांग मोडते. कोणीही हुकूम न देता सारे घडते. समोरासमोर आल्यावर त्या स्पर्शिकांनी एकमेकींच्या अंगावरील मेणासारख्या थराचा वास घेतात, कारण समोरची आपल्याच वारुळातली आहे की परकी, हे त्या थरातील रसायनांच्या मिश्रणावरून ओळखता येते.

वासावरची ही भिस्त किती पक्की असते हे कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी दाखवून दिले. मेलेल्या मुंगीच्या शरीरात ओलेइक आम्ल तयार होते आणि त्या वासावरून इतर मुंग्या तिला कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. विल्सन यांनी हे आम्ल जिवंत मुंग्यांना लावले, तेव्हा हातपाय हलवत असलेल्या त्या मुंग्यांनाही उचलून ढिगावर टाकण्यात आले आणि स्वतःला चाटून स्वच्छ केल्यावरच त्यांना पुन्हा वारुळात थारा मिळाला.

एकाच जातीतील अशा गंधद्रव्यांना फेरोमोन म्हणतात. त्यांपैकी रासायनिक रचना उलगडलेले पहिले द्रव्य रेशीम पतंगाच्या मादीचे होते. १९५९ मध्ये अडोल्फ बुटेनांट यांनी त्यासाठी सुमारे पाच लाख पतंगांच्या ग्रंथी वापरल्या आणि त्यांतून हाती आले ते केवळ काही मिलिग्रॅम.

६. वेगवेगळ्या शत्रूंसाठी प्राणी वेगवेगळी हाक देतात का, की ती फक्त भीतीने मारलेली किंकाळी असते?

केनियातील अंबोसेली येथे रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्व्हेट माकडांवर केलेला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याचे उत्तम उत्तर देतो. ही माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळ्या हाका देतात. संशोधकांनी त्या ध्वनिमुद्रित करून, आसपास एकही शत्रू नसताना, लपवलेल्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवल्या. बिबट्याची हाक ऐकताच माकडे झाडावर चढली, गरुडाची ऐकल्यावर त्यांनी वर पाहिले किंवा झुडपात धाव घेतली आणि सापाची ऐकल्यावर मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळले. हाकेतच माहिती होती, हे यावरून सिद्ध झाले. पिल्ले आधी कोणत्याही उडणाऱ्या पाखराला पाहून गरुडाची हाक देतात आणि हळूहळू त्यांची समज नेमकी होत जाते.

जपानी रामगंगा पक्ष्यात तर क्रमालाही महत्त्व असते. 'सावध राहा' आणि 'जवळ या' या दोन हाका ठराविक क्रमाने जोडून ऐकवल्या तर पक्षी दोन्ही गोष्टी करतात, पण क्रम उलटा केला की प्रतिसाद लक्षणीयरीत्या कमी होतो. तोशिताका सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला.

७. प्राणी एकमेकांना नावाने हाक मारतात का?

बाटलीनाक डॉल्फिनच्या बाबतीत उत्तर बहुतांशी 'होय' असे आहे. प्रत्येक पिल्लू लहानपणीच स्वतःची खास शीळ घडवते आणि ती पुढे अनेक वर्षे टिकते. २०१३ मध्ये स्टेफनी किंग आणि विन्सेंट जॅनिक यांनी दाखवले की स्वतःच्या शिळेची नक्कल ऐकवल्यावर डॉल्फिन उत्तर देतो, इतरांच्या शिळेला तसे देत नाही. आफ्रिकी हत्तींच्या हाकांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याहून पुढची शक्यता दिसली. हत्तींची हाक समोरच्याच्या आवाजाची नक्कल नसते, तरीही मुळात आपल्याला उद्देशून दिलेली हाक ऐकवली तर हत्ती अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात. मात्र हाकेतला नेमका कोणता भाग हे 'नाव' आहे, ते अजून वेगळे काढता आलेले नाही.

८. पक्ष्याचे गाणे उपजत असते की शिकलेले?

दोन्ही प्रकार आहेत. कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ मोठा झाल्यावर कोकिळासारखाच कुहूकुहू करतो, कारण ही साद त्याला शिकावी लागत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटात मात्र पिल्लाला ठराविक वयात प्रौढाचे गाणे ऐकावे लागते आणि मग बडबडीसारख्या अस्फुट आवाजांतून स्वतःचा सूर ऐकत ते बसवावे लागते. एकटे ठेवलेले पिल्लू मोठेपणी विकृत गाणे गाते. शिकण्यात फरक पडत जातो, म्हणून एकाच जातीच्या पक्ष्यांत प्रदेशानुसार बोली तयार होतात. माणसाचे मूलही असेच आधी ऐकते, मग बोबडे बोलते. आपले जवळचे नातेवाईक असलेली माकडे आवाज शिकण्यात फार मागे आहेत आणि दूरचे पक्षी मात्र आपल्यासारखे शिकतात, ही गोष्ट या विषयातील मोठ्या आश्चर्यांपैकी एक आहे.

९. झाडे एकमेकांशी बोलतात का?

झाडांमधून माहिती एकीकडून दुसरीकडे जाते, हे निर्विवाद आहे. ते 'बोलणे' आहे का, हा प्रश्न वेगळा आहे.

पान कुरतडले गेले की काही मिनिटांतच त्यातून हवेत उडणारी संयुगे बाहेर पडतात. नुकतेच कापलेले गवत जो हिरवा वास देते तो याच संयुगांचा असतो. म्हणजे आपल्याला प्रसन्न वाटणारा तो वास गवताच्या बाजूने पाहिले तर जखमेचा वास आहे. शेजारच्या झाडापर्यंत ही संयुगे पोहोचली की ते आपली संरक्षक रसायने वाढवते किंवा त्यांची पूर्वतयारी करते. अमेरिकेतील सेजब्रश या झुडपावर रिचर्ड कार्बन यांनी केलेल्या प्रयोगांत, छाटलेल्या फांद्यांजवळच्या झुडपांचे कीटकांनी कमी नुकसान केले आणि हवेची वाट अडवल्यावर हा परिणाम नाहीसा झाला.

झाड शेजाऱ्याला का सावध करील, असे वाचक विचारतात, आणि हा प्रश्न अगदी योग्य आहे. शेजारी हा पाणी, प्रकाश आणि क्षार यांच्यासाठीचा प्रतिस्पर्धी असतो. अधिक पटणारे उत्तर असे की हा वास मुळात झाडाच्या स्वतःच्याच दूरच्या फांद्यांसाठी असावा. दोन फांद्या खोडातून लांबच्या वाटेने जोडलेल्या असल्या तरी हवेतून त्या जवळ असू शकतात, आणि घेवड्याच्या एका जातीवरील प्रयोगांनी या कल्पनेला दुजोरा दिला आहे. तसे असेल तर शेजारी झाड केवळ चोरून ऐकत आहे आणि त्याच्यासाठी तो वास संकेत नसून सुगावा आहे.

मक्याचे उदाहरण वेगळे आहे. अळीने पाने खाल्ली की मका जो वास सोडतो त्याच्या मागाने परजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. पान नुसते कापले तर हा परिणाम तितका होत नाही, पण कापलेल्या जागी अळीची लाळ लावली की होतो. टेड टर्लिंग्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवले. इथे झाड आणि गांधीलमाशी या दोघांचाही लाभ आहे.

१०. एकाच झाडात एका पानाचा निरोप दुसऱ्या पानाला कसा पोहोचतो? वनस्पतींना मज्जातंतू तर नसतात.

मज्जातंतू नसले तरी विद्युत् स्पंदने असतात. जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूसारख्या वनस्पतींतील विद्युत् प्रतिसाद विसाव्या शतकाच्या आरंभी मोजून दाखवले, आणि त्या काळी त्यांना बराच विरोध सहन करावा लागला. पुढे अधिक सूक्ष्म साधने आली. २०१८ मध्ये, कॅल्शियम वाढले की चमकणारे प्रथिन असलेल्या रोपांच्या पानावर अळीने दंश केल्यावर प्रकाशाची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांपर्यंत जाताना चित्रित करण्यात आली. माशा पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप ही वनस्पती तर मोजतेसुद्धा. तिच्या पानातील केसाला एकदा स्पर्श झाला तर काहीच घडत नाही, पण सुमारे २० सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की सापळा मिटतो, त्यामुळे पावसाच्या एखाद्या थेंबासाठी तिची शक्ती वाया जात नाही.

११. मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्यातून मोठी झाडे आपल्या पिल्लांना अन्न पुरवतात, हे सिद्ध झाले आहे का?

ज्या स्वरूपात ही गोष्ट सांगितली जाते त्या स्वरूपात नाही. बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर सहजीवी बुरशी असते आणि एकाच बुरशीचे तंतू दोन झाडांना जोडू शकतात, हे पक्के आहे. सुझान सिमर्ड यांनी १९९७ मध्ये कॅनडाच्या जंगलात, माग काढता यावा म्हणून खूण केलेला कार्बन वापरून, बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते असे दाखवले. परंतु तो कार्बन बुरशीच्या तंतूंतूनच गेला की मातीतून, आणि रोपाला त्याचा कितपत उपयोग झाला, हे उघड्या जंगलात वेगळे काढणे फार कठीण आहे. याच क्षेत्रातील तीन संशोधकांनी २०२३ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला आणि 'आई-झाड आपल्या रोपांना ओळखून त्यांना अधिक अन्न किंवा इशारे पाठवते' या दाव्याला प्रत्यक्ष जंगलातून आधार मिळत नाही, असे नोंदवले. जंगलावर प्रेम असलेल्यांनी हा निष्कर्ष निराशेचा मानू नये. जंगल जपण्यासाठी त्याला माणसाच्या कुटुंबाचे रूप देण्याची गरज नाही.

१२. रोपांशी बोलल्याने किंवा त्यांना संगीत ऐकवल्याने ती चांगली वाढतात का? झाडे किंचाळतात असेही वाचले आहे.

बोलण्यातील अर्थ किंवा संगीतातील भाव वनस्पतीला कळतो, याचा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही. १९६६ मध्ये क्लीव्ह बॅक्स्टर यांनी खोटे पकडण्याचे यंत्र पानाला जोडून झाडाला माणसाच्या मनातले कळते असा दावा केला होता, परंतु नियंत्रित प्रयोगांत तो टिकला नाही.

कंपनांना मात्र वनस्पती प्रतिसाद देतात, आणि तोही निवडून. २०१४ मध्ये हाइडी अपेल आणि रेक्स कॉकरॉफ्ट यांनी अळीच्या चघळण्याने होणारी कंपने नोंदवून ती मोहरीच्या कुळातील एका रोपाच्या पानाला दिली. पुढे खरी अळी आल्यावर त्या रोपाने अधिक संरक्षक रसायने तयार केली. वाऱ्याच्या कंपनांनी किंवा एका कीटकाच्या गाण्याने तसे झाले नाही.

'किंचाळण्या'ची बातमी तेल अवीव विद्यापीठातील २०२३ च्या अभ्यासावरून आली. पाणी न मिळालेली किंवा कापलेली टोमॅटोची व तंबाखूची रोपे तासाला साधारण ३० ते ५० वेळा टकटक असा आवाज करतात आणि निरोगी रोपे तासाला एकदाही क्वचितच करतात. हे आवाज माणसाच्या श्रवणकक्षेच्या वर असतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत हवेचे बुडबुडे तयार होऊन फुटल्यामुळे ते निर्माण होत असावेत. त्याला किंचाळी म्हणणे बरोबर नाही.

१३. प्राणी आणि वनस्पती खोटे संकेत देतात का?

देतात, आणि मोठ्या कौशल्याने देतात. ऑफ्रिस या ऑर्किडचे फूल मादी मधमाशीसारखे दिसते आणि तिच्यासारखाच वास सोडते. नर तिच्याशी मीलन करू पाहतो आणि परागकण घेऊन जातो, पण त्याला मध मिळत नाही. उत्तर अमेरिकेतील फोट्युरिस काजव्याची मादी दुसऱ्या जातीच्या मादीच्या लुकलुकण्याची नक्कल करून येणाऱ्या नराला खाऊन टाकते. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटातील दुभंगशेपटीचा कोतवाल हा पक्षी खोटी धोक्याची हाक देतो आणि मीरकॅट या मुंगसासारख्या प्राण्याने टाकून दिलेले भक्ष्य पळवतो. एकच हाक वारंवार दिली तर ते त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तो दुसऱ्या पक्ष्याची किंवा मीरकॅटचीच हाक उचलतो.

मग संकेतांवर कोणीच विश्वास का सोडून देत नाही? कारण खोटे थोडे असेल तरच चालते. ते वाढले तर ऐकणारे दुर्लक्ष करू लागतात आणि खोट्याचाही उपयोग संपतो. शिवाय काही संकेत खोटे करताच येत नाहीत. लाल हरणाच्या डरकाळीतील अनुनाद त्याच्या घशाच्या नळीच्या लांबीवर, म्हणजे पर्यायाने शरीराच्या आकारावर अवलंबून असतो.

१४. माणसाच्या संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असे प्रशिक्षणांत सांगतात. ते खरे का?

नाही. हा आकडा अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आला आहे. सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा परस्परविरोधी असतील तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, याचा अंदाज लोक कशावरून करतात, एवढेच त्यांत पाहिले होते. हे सूत्र सर्व संवादाला लागू होत नाही, असे मेहरेबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. ९३ टक्के अर्थ शब्दांविना कळत असता तर परकी भाषा शिकण्याची गरजच पडली नसती.

बोलण्यातली खरी नवलाई वेगळीच आहे. दहा भाषांतील संभाषणांचा २००९ मध्ये तुलनात्मक अभ्यास झाला, तेव्हा एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचाच अवकाश आढळला. एक शब्द उच्चारण्याची तयारी करायलाच याहून बराच अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याचा शेवट ओळखतो आणि आपले उत्तर जुळवत असतो.

१५. कर्णबधिरांची खुणांची भाषा म्हणजे हावभावच ना?

नाही. ती पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण असते आणि देशोदेशीच्या खुणांच्या भाषा एकमेकींहून वेगळ्या असतात. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळांत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली, तेव्हा कोणीही न शिकवता त्यांच्यात एक नवी भाषा उभी राहिली आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी तिचे व्याकरण अधिक रेखीव केले.

१६. कुत्रा चूक केल्यावर अपराधी चेहरा करतो. त्याला आपली चूक कळलेली असते का?

२००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासले. मालक खोलीबाहेर गेल्यावर काही कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही, आणि परतलेल्या मालकाला कधी खरे तर कधी खोटे सांगण्यात आले. 'अपराधी' चेहरा खाऊ खाण्याशी नव्हे, तर मालकाच्या रागावण्याशी जुळला. चूक न केलेले कुत्रेही रागावल्यावर तसाच चेहरा करत होते. तो चेहरा माणसाला शांत करण्याचा प्रयत्न आहे. म्हणून बऱ्याच वेळाने केलेली शिक्षा कुत्र्याला निरर्थक वाटते.

१७. चिंपांझींना आणि पोपटांना माणसाची भाषा शिकवण्याचे प्रयोग यशस्वी झाले का?

अंशतः. १९६६ पासून वॉशो या चिंपांझीला अमेरिकी खुणांची भाषा शिकवण्यात आली आणि ती शंभराहून अधिक खुणा वापरू लागली. निम या चिंपांझीच्या चित्रफिती हर्बर्ट टेरेस यांनी बारकाईने तपासल्या आणि १९७९ मध्ये असा निष्कर्ष काढला की त्याच्या बहुतेक खुणा शिक्षकाच्या नकलेच्या असतात व त्याची 'वाक्ये' लांबली तरी त्यांत नवी माहिती येत नाही. कान्झी या बोनोबोने (चिंपांझीच्या जवळच्या जातीच्या वानराने) चिन्हे स्वतः शिकवली जात नसताना, आपल्या पालक-आईचे शिक्षण चालू असताना बघून, आत्मसात केली. ॲलेक्स हा करडा आफ्रिकी पोपट सुमारे १०० शब्द वापरत असे आणि वस्तूचा रंग, आकार व संख्या विचारल्यावर त्यांतला नेमका गुण सांगत असे.

अशा प्रयोगांत एक धोका नेहमी असतो. हान्स या बर्लिनमधल्या घोड्याला गणिते येतात आणि तो खूर आपटून उत्तर देतो असे मानले जात होते, परंतु ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. योग्य आकड्याला विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. गणित येत नसले तरी माणसाचे निरीक्षण त्याला विलक्षण साधले होते.

१८. पाळीव नसलेला प्राणी माणसाशी आपणहून संवाद साधतो, असे एखादे उदाहरण आहे का?

मधदर्शक हा आफ्रिकी पक्षी माणसासमोर येऊन किलबिलतो आणि त्याला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. माणसे मध काढतात, पक्ष्याला मेण मिळते. उत्तर मोझांबिकमधील याओ लोक त्याला बोलावण्यासाठी ठराविक हाक देतात. २०१६ च्या अभ्यासात ही हाक दिल्यावर पक्षी वाट दाखवण्याची शक्यता सुमारे ३३ वरून ६६ टक्क्यांवर गेली. इतर मानवी आवाजांचा तसा परिणाम झाला नाही.

१९. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लवकरच प्राण्यांची 'भाषा' आपल्या भाषेत आणता येईल का?

आकृतिबंध शोधण्यात ही साधने फार उपयोगी ठरत आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या सेटी प्रकल्पाने कॅरिबियन समुद्रातील स्पर्म व्हेल या देवमाशांच्या टकटकींच्या मालिकांचा अभ्यास हाती घेतला आणि २०२४ मध्ये सुमारे ८,७०० मालिकांच्या विश्लेषणातून त्यांची लय, गती आणि अधिकच्या टकटकी यांच्या जुळण्या पूर्वी वाटल्या त्याहून बऱ्याच गुंतागुंतीच्या असल्याचे दाखवले. तथापि जुळणी सापडणे म्हणजे अर्थ सापडणे नव्हे. व्हर्व्हेट माकडांच्या हाका किंवा डॉल्फिनच्या शिळा (प्रश्न ६ आणि ७) यांचा अर्थ ध्वनीच्या विश्लेषणातून नव्हे, तर तो ध्वनी परत ऐकवून प्राणी काय करतो ते पाहिल्यावर लागला. संगणकाने अर्थ सुचवला तरी ही पायरी गाळता येणार नाही, आणि ती गाठताना संशोधकांना एक जबाबदारीही पेलावी लागेल: अर्थ न कळलेला संदेश खोल समुद्रात मोठ्याने वाजवल्यास एखादी टोळी विस्कळीत होऊ शकते किंवा आई पिल्लापासून दूर जाऊ शकते. त्यामुळे असे ध्वनी कुठे, किती वेळ आणि कोणत्या ऋतूत ऐकवायचे, याचे नियम यंत्रे तयार होण्याच्या आधीच ठरवायला हवेत.